‘पाहुणे चालणार नाहीत’ : भाड्याच्या घरात शेवटचा शब्द कुणाचा?

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ची गर्दी थोडी कमी केलीय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. पाठवणारी पुण्यात कर्वेनगरला राहते. पहिलीच नोकरी, तिघी मैत्रिणींनी मिळून टू बीएचके घेतलाय. तिचे वडील लातूरहून डोळे दाखवायला आले. सकाळी लवकरची अपॉइंटमेंट, म्हणून आदल्या रात्री यायचं ठरलं. गाडीला उशीर झाला आणि ते साडेनऊला सोसायटीच्या गेटवर पोचले. वॉचमनने अडवलं आणि मालकांना फोन लावला. मालक, म्हणजे ही ज्यांना काका म्हणते ते, म्हणाले, “मुलींचा फ्लॅट आहे. रात्री पुरुष पाहुणा चालणार नाही. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं.” ती म्हणाली, “काका, वडील आहेत माझे.” तर म्हणे नियम म्हणजे नियम.

शेवटी वडिलांनीच विषय संपवला. “राहू दे बाळा, तुला त्रास नको. मी स्टेशनवर पडतो.” आणि ते खरंच गेले. पुणे स्टेशनच्या बाकावर रात्र काढली. सकाळी दवाखान्याच्या दारात भेटले तेव्हा आईने हिच्यासाठी दिलेला डबा तसाच हातात होता.

व्हॉइस नोटच्या शेवटी तिने दोन प्रश्न विचारलेत. काकांना असं करता येतं का? आणि पुढच्या वेळी मी ऐकलं नाही, तर ते मला घराबाहेर काढू शकतात का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. इंटरनेटवर एकजण सांगतो की भाडेकरूला सगळे हक्क आहेत, बिनधास्त राहा. दुसरा सांगतो की घर त्यांचं, नियम त्यांचे. दोघंही अर्धंच सांगतात.

तुमच्याकडे नेमकं काय आहे?

आधी एक कडू गोष्ट गिळून टाकू. पुण्या-मुंबईत आपण ज्याला ‘भाड्याने घर’ म्हणतो, ते बहुतेक वेळा कायद्याच्या भाषेत भाडं नसतंच. ते असतं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे परवानगी. आपण असतो परवानाधारक, आणि आपण दर महिन्याला देतो ती असते परवाना फी. याचं मूळ १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. दुसऱ्याच्या जागेत काही करायची मुभा, पण त्या जागेवर हक्क निर्माण होत नाही, असा त्याचा अर्थ. आजोबांच्या काळातला चाळीतला पागडीचा भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या हलत नव्हता, तो वेगळ्या वर्गातला. त्याचं कायदेशीर कवच आपल्याला नाही.

मग आपल्याला काहीच नाही का? आहे. पण ते कुठून येतं हे नीट बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा इथला मुख्य कायदा. भाड्याच्या घरात पाहुणा किती वाजेपर्यंत थांबावा, कोण यावं, किती रात्री राहावं, याबद्दल त्यात एकही कलम नाही. बंदी नाही आणि हमीही नाही. म्हणजे पाहुण्यांचा प्रश्न जवळजवळ सगळा एका कागदावर येऊन थांबतो, आणि तो कागद म्हणजे तुमचा करार. हो, तोच, जो एजंटने पाठवला, आपण फोनवर भराभर वर सरकवला आणि अंगठा टेकवून मोकळे झालो.

म्हणून मी तिला उलट पहिला प्रश्न हाच विचारला. करारात काय लिहिलंय? तिला माहीत नव्हतं. पीडीएफ ईमेलमध्ये पडून होती. तिने शोधली, मला वाचून दाखवली. त्यात होतं काय? घर फक्त राहण्यासाठी वापरायचं. पोटभाडेकरू ठेवायचा नाही. शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करायचं नाही. सोसायटीचे नियम पाळायचे. लॉक-इन सहा महिने, त्यानंतर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. पाहुण्यांबद्दल एक शब्द नाही. पुरुष, स्त्री, रात्र, दिवस, काहीच नाही.

‘मी सांगितलं होतं ना’

आता काकांचा मुद्दा. ते म्हणतात, मी तोंडी सांगितलं होतं. सांगितलं असेलही. घर दाखवताना किल्ली फिरवत फिरवत मालक दहा गोष्टी सांगतात. भिंतीला खिळे ठोकू नका, मासे तळू नका, मुलं आणू नका. आपण मान डोलावतो, कारण घर हवं असतं.

पण तोंडी सांगण्याला कागदासमोर किती वजन? इथे दोन गोष्टी कामाला येतात. याच १९९९ च्या कायद्याचं कलम २४ लिव्ह अँड लायसन्सबद्दल आहे. त्यातल्या स्पष्टीकरणात म्हटलंय की लेखी करारात जे नमूद आहे, तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. आणि पुराव्याच्या कायद्याचं जुनं तत्त्व असं की अटी एकदा कागदावर उतरवल्या, की त्यांना छेद देणारी किंवा त्यांत भर घालणारी तोंडी बोलणी सहसा मानली जात नाहीत. थोडक्यात, काकांना हा नियम खरंच महत्त्वाचा वाटत होता तर त्यांनी तो लिहायला हवा होता.

दुसरी गोष्ट कलम ५५. ही प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. करार लेखी असलाच पाहिजे, नोंदवलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हे आपल्याकडे सर्रास ऐकवलं जातं. महाराष्ट्रात ते चूक आहे, अकरा महिन्यांचा करारसुद्धा नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि त्याहून मोठी गंमत पुढे आहे. असा लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे खर्च वाचवायला जो मालक नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळा होतो, तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो.

मग व्हॉट्सॲपवर आलेल्या नियमांचं काय? हे आजकाल फार चालतं. राहायला गेल्यावर दोन महिन्यांनी ग्रुपवर मेसेज येतो, ‘आजपासून दहानंतर व्हिजिटर बंद’. करार दोघांनी मिळून केलेला असतो. तो एकाने मेसेज टाकून बदलत नाही. फक्त एक सावधगिरी बाळगा. अशा मेसेजला सवयीने अंगठा दाखवू नका. उद्या वाद झाला तर समोरचा तोच अंगठा ‘हिने मान्य केलं होतं’ म्हणून दाखवेल. पटत नसेल तर दोन ओळी लिहा, सभ्य भाषेत. ‘काका, मेसेज वाचला. आपल्या करारात अशी अट नाही, त्यामुळे मला ती मान्य नाही. घरात आवाज किंवा कुणाला त्रास होणार नाही याची काळजी मी घेईन. भेटून बोलूया का?’ एवढं पुरे. भांडण झालं नाही आणि नोंदही राहिली.

आणि करारात खरंच लिहिलं असेल तर?

मग गोष्ट बदलते. ‘रात्री दहानंतर पाहुण्यांना मनाई’ असं स्पष्ट छापलंय आणि खाली तुमची सही आहे, तर ती अट तुम्ही स्वीकारलीय. कोर्टात जाऊन ‘ही अट माझ्या खासगीपणाच्या विरोधात आहे’ असं म्हणता येईल का? २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, हे खरं. पण तो लढा मुळात सरकार आणि नागरिक यांच्यातला होता. खासगी मालकाने करारात घातलेली पाहुण्यांची अट त्या जोरावर उडवून लावणं हा लांबचा, महागडा आणि खात्री नसलेला रस्ता आहे. अकरा महिन्यांच्या घरासाठी कोण जाणार त्या वाटेला? म्हणून माझा सल्ला असा की लिहिलेली अट खरी समजा, आणि ती सहीच्या आधीच बदलून घ्या.

पण अट मोडली म्हणून मालकाला वाटेल ते करायची मोकळीक मिळत नाही. आपल्या श्रोतीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

समजा, तिने पुढच्या वेळी वडिलांना घरात घेतलं आणि काका भडकले. ते काय करू शकतात? कराराप्रमाणे एक महिन्याची नोटीस देऊन परवाना संपवू शकतात. हे मी लपवणार नाही. आपल्या हातातला कागद परवानगीचा आहे, आणि लॉक-इन संपल्यावर कारण न देतासुद्धा ती परवानगी काढून घेता येते. नोटिशीची मुदत संपल्यावरही आपण अडून बसलो, तर कलम २४ प्रमाणे ते सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतात, आणि तिथे दुप्पट दराने भरपाई आपल्या गळ्यात पडू शकते. म्हणून मुदत संपल्यावर हट्टाने बसून राहू नका. तो हट्ट फार महाग पडतो.

आणि ते काय करू शकत नाहीत? रात्री अकराला सामान जिन्यात ठेवू शकत नाहीत. तुम्ही ऑफिसला गेल्यावर कुलूप बदलू शकत नाहीत. १९८९ साली कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याचा ताबा स्थिरावलेला आहे, त्याला मालकसुद्धा कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढू शकतो, भले त्याचा तिथे राहण्याचा हक्क संपला असेल. ते प्रकरण एका उपाहारगृहाच्या जागेचं होतं, आणि तिथेही परवान्यावर दिलेल्या जागेचाच वाद होता. सुविधाधिकार कायद्यातही दोन छोटी, पण उपयोगी कलमं आहेत. ६३ सांगतं की परवाना काढून घेतला तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. ६४ सांगतं की पैसे देऊन घेतलेला परवाना, तुमची चूक नसताना, मुदतीआधी मोडून तुम्हाला बाहेर काढलं तर भरपाई मागता येते.

तुम्हालाच तुमच्या दारात अडवलं, आत जाऊ दिलं नाही, तर तो गैरनिरोध आहे. नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. अशा वेळी ११२ ला फोन करा. पोलीस बऱ्याचदा म्हणतात, ‘ही सिव्हिल मॅटर आहे, आपसात मिटवा’. तेव्हा शांतपणे म्हणा, “भाड्याचा वाद कोर्टात बघू. आत्ता मला माझ्या घरात जाऊ देत नाहीत, एवढंच तुम्ही नोंदवून घ्या.” करार मोबाइलमध्ये काढून ठेवा. शक्य असेल तर व्हिडिओ घ्या.

अचानक दार वाजवून ‘आत कोण आहे बघू’ म्हणत घरात शिरणारे मालकही आहेत. एकट्या मुलींच्या घरात हे जास्त होतं आणि ते फक्त त्रासदायक नसतं, भीतिदायक असतं. १९९९ च्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे मालकाला जागा बघायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी कळवून. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. रात्री साडेदहाला पाहुणे मोजायला येणं या हक्कात बसत नाही. मालकाकडे दुसरी किल्ली असली म्हणून तुमच्या गैरहजेरीत कपाटं बघायचा हक्क मिळत नाही. अशा वेळी दाराच्या आतून बोला, दार उघडायची सक्ती नाही. म्हणा, “काका, उद्या संध्याकाळी सातला या, मी घरी असेन.”

राहिला डिपॉझिटचा मुद्दा. ‘पाहुणा आणलात, आता डिपॉझिट विसरा’ किंवा ‘एका रात्रीचे पाचशे’. करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं की करारात दंड लिहिला असला, तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनामत जप्तीबद्दल हेच स्पष्ट केलं. नुकसान झालंच नसेल, तर नुसती अट मोडली म्हणून रक्कम गिळता येत नाही. वडील एक रात्र हॉलमध्ये सतरंजीवर झोपले, त्यात काकांचं काय नुकसान झालं? पाण्याची एक बादली.

मालकांची बाजू, थोडी का होईना

मला मालकांचा कैवार घ्यायचा नाही, पण त्यांची भीती समजली तर बोलणं सोपं जातं. पहिली भीती पोटभाडेकरूची. दोघांना घर दिलं आणि तीन महिन्यांनी पाचजण राहताना सापडले, हे होतं. मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला जागा देणं कायद्यालाही मान्य नाही, आणि आपण ते करता कामा नये. दुसरी भीती सोसायटीची. कमिटीचे फोन तुम्हाला नाही, त्यांना येतात. पण चार रात्री राहिलेला भाऊ पोटभाडेकरू होत नाही. पोटभाडेकरू होण्यासाठी जागेचा ताबा त्याला देऊन टाकावा लागतो, सहसा पैसे घेऊन. पाहुणा येतो तेव्हा ताबा तुमच्याकडेच राहतो.

तिसरी गोष्ट पोलिसांची, आणि ती धमकी म्हणून वापरली जाते. ‘पाहुण्याची पोलीस स्टेशनला नोंद आहे का?’ बऱ्याच शहरांत पोलीस आयुक्त आदेश काढतात की भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा. असे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. ही माहिती देण्याची जबाबदारी घर देणाऱ्यावर असते, आणि ती भाड्याने राहणाऱ्यांबद्दल असते. दोन दिवस आलेल्या मावशीचं व्हेरिफिकेशन कुणी मागत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. पाहुणा परदेशी नागरिक असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते. तिथे खरंच हलगर्जी करू नका.

सोसायटीचं म्हणाल तर गेटवर नाव लिहून घेणं, ॲपवर मंजुरी मागणं, गाडी कुठे लावायची ते सांगणं, हे सगळं ठीक. पाहुणा तुम्ही बोलावलाय म्हटल्यावर तो मालकाच्या पाहुण्यापेक्षा कमी प्रतीचा का व्हावा? सोसायटीला घर लिव्ह अँड लायसन्सवर देण्याची सूचना मालकाने द्यायची असते, आणि मालक तिथे राहत नाही म्हणून सोसायटी जास्तीचे पैसे घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. हा नियम २००१ पासूनचा आहे. अडचण अशी की सोसायटीचे सभासद आपण नाही, मालक आहेत. ‘बॅचलर्सकडे पाहुणे बंद’ असा ठराव कमिटीने केला, तर उपनिबंधकाकडे तक्रार करायला मालकालाच उभं करावं लागतं. म्हणून मालकाशी संबंध तुटू देऊ नका. कमिटीशी भांडताना आपल्या बाजूचा सभासद तेवढा एकच असतो.

‘मुलगा कोण होता?’

आता जो प्रश्न सगळ्यांच्या मनात आहे आणि कुणी विचारत नाही. पाहुणा मित्र असेल किंवा मैत्रीण असेल तर?

दोन सज्ञान माणसं, लग्न न करता, आपल्या मर्जीने एका घरात राहिली तर तो गुन्हा नाही. हे माझं मत नाही. एस. खुशबू विरुद्ध कन्नीअम्मल या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. २०१८ च्या नवतेज जोहर निकालानंतर समलिंगी जोडप्यांनाही ३७७ चा धाक राहिलेला नाही. २०१५ साली मुंबईत मढ भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी जोडप्यांना पकडलं होतं, सार्वजनिक असभ्यतेच्या कलमाखाली. हॉटेलची बंद खोली सार्वजनिक कशी, असा सवाल तेव्हा सगळीकडून आला होता. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही म्हटलं की अविवाहित जोडपं हॉटेलच्या खोलीत राहिलं म्हणून कुठला गुन्हा होत नाही. मग तुमचा फ्लॅट तर त्याहून खासगी. त्यामुळे ‘पोलिसांना बोलावू का?’ या धमकीने घाम फुटू देऊ नका. “बोलवा काका” म्हणा, आणि आवाज चढवू नका.

पण इथेही अर्धं सांगून थांबत नाही. गुन्हा नाही याचा अर्थ मालकाने घर दिलंच पाहिजे, असा होत नाही. घर कुणाला द्यायचं याबाबत आपल्याकडे सर्वांसाठी असा भेदभावविरोधी कायदा नाही. २००५ मध्ये झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने फक्त पारशांना सभासदत्व देणारा नियमही टिकवला. अपवाद आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा कायदा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा, या दोन्हींत घर भाड्याने घेताना भेदभावाला स्पष्ट मनाई आहे. बाकीच्यांना, म्हणजे अविवाहित म्हणून, एकटी मुलगी म्हणून, आडनावामुळे किंवा ताटातल्या मटणामुळे नाकारल्या गेलेल्यांना, आज असं थेट कलम दाखवता येत नाही. मला हे चीड आणणारं वाटतं. पण आहे हे असं आहे.

पीजीमध्ये राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, थोडक्यात. मालक स्वतः त्याच घरात राहतात आणि तुम्हाला त्यातली एक खोली दिलीय, तर कायदा तुम्हाला पेइंग गेस्ट म्हणतो. तिथे त्यांच्या हॉलमधून तुमचा पाहुणा जाणार, त्यांच्या बाथरूमसमोर रांग लागणार. अशा ठिकाणी त्यांचा शब्द जास्त चालणं मलाही रास्त वाटतं. मात्र हल्ली अख्ख्या इमारतीवर पीजीची पाटी लावतात आणि मालक दुसऱ्या शहरात असतो. तिथे पाटीकडे बघू नका, कागदावर काय लिहिलंय ते बघा.

सहीच्या आधीची दहा मिनिटं

खरा जोर तुमच्याकडे एकदाच असतो, टोकन द्यायच्या आधी. तेव्हा मालकालाही घर रिकामं ठेवायचं नसतं. त्या वेळी तोंडाने विचारा, “काका, आईवडील येतील, कधी मित्रमैत्रिणी येतील, चालेल ना?” चालेल म्हणाले की लगेच म्हणा, मग तेवढी एक ओळ करारात घालूया. एजंट कुरकुर करेल, ‘फॉरमॅट फिक्स असतो’ म्हणेल. ऑनलाइन नोंदणीतही जास्तीच्या अटी टाकायला जागा असते, त्याला सांगा.

ओळ अशी घालता येईल : ‘परवानाधारकांकडे त्यांचे नातेवाईक व मित्रमंडळी भेटीस व मुक्कामास येऊ शकतील. कोणाचाही मुक्काम सलग सात रात्रींपेक्षा जास्त झाल्यास परवानाधारक मालकास मेसेजने कळवतील. अशा मुक्कामास पोटभाडे समजले जाणार नाही.’ सातच्या जागी पाच घाला, दहा घाला. मालकाची पोटभाडेकरूची भीती यात मिटते आणि तुमचे वडील गेटबाहेर राहत नाहीत.

मालक नाहीच म्हणाले, तर निदान आधी कळलं. मग घर घ्यायचं का नाही ते तुम्ही डोळे उघडे ठेवून ठरवाल. मी स्वतः एकदा अशी अट वाचूनही सही केली होती, कारण ऑफिस चालत दहा मिनिटांवर होतं. अकरा महिने भावाला लॉजवर ठेवलं. पश्चात्ताप नाही झाला, पण पुन्हा करणार नाही.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००. डिपॉझिट अडकलं असेल तर खटल्याआधीच दोघांना समोरासमोर बसवून तडजोड करायचा प्रयत्नही तिथे होतो, आणि बऱ्याच मालकांचा सूर सरकारी शिक्क्याचं पाकीट हातात पडल्यावर बदलतो.

आपल्या श्रोतीचं काय झालं, ते सांगून थांबतो. तिने करार वाचल्यावर काकांना मेसेज केला. भांडली नाही. करारात अट नाही एवढं दाखवलं, आणि वडील पुढच्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येणार आहेत, चार रात्री राहतील, असं लिहिलं. विचारलं नाही, कळवलं. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग काकूंचा फोन आला. काकांना रात्रीचा प्रकार नंतर कळला म्हणे, म्हणजे वडील स्टेशनवर झोपले ते. काकू म्हणाल्या, “अगं, मला तरी फोन करायचास.” आणि गेटवर वडिलांचं नाव आधीच देऊन ठेवायला सांगितलं.

तिने काकूंना बरं म्हटलं. आणि मेसेज तसाच जपून ठेवलाय.

पुढच्या भागात डिपॉझिटबद्दल बोलू. रंगकामाच्या नावाखाली ते कसं कापतात, आणि घर सोडताना कोणते फोटो काढून ठेवायचे. तुमचे किस्से व्हॉइस नोटने पाठवा, फक्त मालकाचं नाव आणि पत्ता सांगू नका. आणि हो, ती पीडीएफ आजच शोधा.